‘मुली टिकत नाहीत’ असे म्हणणाऱ्या नागपूरच्या उद्योजकांस खुले पत्र

प्रति,
बुटीबोरी, हिंगणा आणि मिहान परिसरातील उद्योजक व त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री व्यवसायाची शिल्पनिदेशिका, म्हणजे प्रशिक्षिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींपैकी बऱ्याच जणी आपल्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत येऊन गेल्या आहेत. काही आत राहिल्या, पुष्कळशा परत आल्या. रोजगार मेळाव्यांत आणि शिकाऊ उमेदवारांच्या निवडीच्या वेळी आपल्या मनुष्यबळ विभागातील मंडळींच्या तोंडून एक वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आले: ‘‘मॅडम, आम्हाला मुली घ्यायच्याच आहेत हो, पण मिळत नाहीत, आणि मिळाल्या तर टिकत नाहीत.’’ हे वाक्य बोलणारी माणसे लबाड नव्हती. त्यांना ते खरेच वाटत होते, आणि म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

बाईने कारखान्यात जाणे ही नागपूरला नवी गोष्ट आहे, असा समज या वाक्यामागे असतो. वस्तुस्थिती उलट आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि या शहरातल्या कष्टकरी वस्त्यांमधल्या बायका पुढच्या कित्येक दशकांत गिरणीच्या कामाला जात राहिल्या. सूत उकलून गुंडाळण्याची, म्हणजे वाइंडिंग आणि रीलिंगची खाती ही प्रामुख्याने बायकांची. आजी गिरणीत, आई गिरणीत, अशी घरे नागपुरात कमी नव्हती. मध्य प्रांताने प्रसूतिलाभाचा स्वतःचा कायदा १९३० साली केला, तो उगाच नाही. कामावरच्या बायकांची बाळंतपणे कायद्याने दखल घ्यावी इतकी डोळ्यांसमोर होती.

या बायका मुकाट्याने राबत होत्या, असेही नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित वर्गातील स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते आणि समोर हजारो स्त्रिया बसल्या होत्या. त्या परिषदेचे ठराव मी प्रत्येक नव्या तुकडीला वाचून दाखवीत असे. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी या मागण्या त्यांत होत्याच, पण गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे येथे काम करणाऱ्या स्त्रियांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, महिनाभराची हक्काची रजा, दुखापतीची भरपाई आणि २० वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तिवेतन मिळावे, अशीही मागणी होती. शिवाय, ज्या गिरण्यांत बायका काम करतात तिथे त्यांच्यावर देखरेखीला बाईच नेमावी, असे त्यांनी मागितले होते. त्याच महिन्यात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. ठरावातली ही शेवटची मागणी आपापल्या कारखान्याच्या हजेरीपटाशी ताडून पाहावी, अशी माझी आपणांस विनंती आहे. किती पाळ्यांवर, किती विभागांत बाई सुपरवायझर आहे?

मग गिरणीतल्या बायका गेल्या कुठे? त्या कंटाळून घरी बसल्या नाहीत. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ६६ नुसार स्त्रियांना सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेतच कामावर ठेवता येत असे. राज्य सरकारला त्यात फेरफार करण्याची मुभा होती, पण रात्री १० ते पहाटे ५ ही वेळ मात्र पूर्णपणे वर्ज्य होती. यापूर्वीच्या कायद्यांतही रात्रपाळीची बंदी होतीच. कायद्याचा हेतू संरक्षणाचा होता. परंतु गिरण्या दोन आणि तीन पाळ्यांवर चालू लागल्या, जलद यंत्रे आली, आणि तिन्ही पाळ्यांत आलटून पालटून फिरवता येईल असा कामगार मालकांना सोयीचा वाटू लागला. बाईला रात्री बोलावता येत नाही, तिला प्रसूतिलाभ द्यावा लागतो, पाळणाघर काढावे लागते. एवढा हिशेब झाल्यावर कोणी तिला हातात नोटीस दिली नाही. ती निवृत्त झाली की तिची जागा पुरुषाने भरली, एवढेच. देशभरातल्या कापड गिरण्यांत हे असेच घडले आणि नागपूर त्याला अपवाद नव्हते. पुढे गिरण्याच बंद पडल्या. एम्प्रेस मिलच्या जागेवर आता मॉल उभा आहे. गिरणगावातल्या त्या घरांमधल्या लेकी-सुना मिळेल त्या कामाला लागल्या: कोणी कामठीकडे घरबसल्या विड्या वळू लागल्या, कोणी धुणीभांडी धरली, कोणी बांधकामावर गेल्या. रजा, भरपाई आणि निवृत्तिवेतन मागणाऱ्या बायकांच्या पुढच्या पिढीच्या हाती हजेरीपटसुद्धा राहिला नाही.

खाणींची कहाणी याहून बोलकी आहे, आणि कोळसा व मँगनीज या दोन्ही खनिजांच्या मोठ्या सरकारी कंपन्यांची मुख्यालये आपल्याच शहरात असल्याने ती इथे सांगणे अस्थानी होणार नाही. जमिनीखालच्या कामातून स्त्रियांना १९३० च्या दशकात टप्प्याटप्प्याने बाहेर काढण्यात आले. दुसरे महायुद्ध पेटले, कोळसा कमी पडू लागला, मजूर मिळेनात, तेव्हा १९४३ साली मध्य प्रांतासह काही भागांत ती बंदी उठवण्यात आली. युद्ध संपले आणि १९४६ साली बंदी परत आली. १९५२ च्या खाण अधिनियमाने ती कायम केली. शेवटी फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी स्त्रियांना अटींसह जमिनीखाली जाण्याची परवानगी दिली. गरज पडली तेव्हा बाईचे नाजूकपण कोणालाही आठवले नाही आणि गरज सरल्यावर लगेच आठवले, असा याचा अर्थ मी लावते. आपण वेगळा लावत असाल तर ऐकायला मी तयार आहे.

गिरण्या-खाणींत हे घडत असतानाच या शहरात दुसरीकडे एक वाट उघडत होती. कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या सोबतीने १९२१ साली मातृसेवा संघ सुरू केला, त्या वेळी परिचारिकेचे काम कुलीन घरातल्या बाईने करावे असे समजले जात नव्हते. जाईबाई चौधरी या उमरेडकडच्या. स्टेशनवर हमाली करून त्या शिकल्या आणि १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळा कन्याशाळा काढली. स्त्रियांसाठी स्वतंत्र महाविद्यालय १९३२ साली उभे राहिले, ते आज लेडी अमृताबाई डागा महाविद्यालय म्हणून सर्वांना ठाऊक आहे. अनसूयाबाई काळे १९३७ मध्ये मध्य प्रांत विधानसभेच्या उपसभापती झाल्या आणि १९५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत नागपूरने त्यांना लोकसभेत पाठवले. पुढे राज्याने १९९४ साली महिला धोरण आणले, सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के जागा राखल्या गेल्या, स्थानिक स्वराज्य संस्थांतले आरक्षण २०११ मध्ये ५० टक्क्यांवर गेले. या सगळ्याचे मोल मी जाणते, कारण माझी स्वतःची नोकरी याच वाटेने आली. मात्र शाळा, दवाखाना, कचेरी आणि सभागृह यांचे दरवाजे उघडत असताना कारखान्याचा दरवाजा हळूहळू लोटला जात होता, हे आपण सारेच विसरलो. स्त्रियांच्या प्रगतीचा आपला हिशेब साक्षरतेपासून सुरू होतो आणि पदवीदान समारंभाशी संपतो. २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणानुसार देशाच्या शहरी भागात १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी केवळ २८ टक्के स्त्रिया कामात किंवा कामाच्या शोधात आहेत. शिकलेल्या शहरी मुली गेल्या कुठे, हा प्रश्न त्या आकड्यात बसलेला आहे.

आता आजच्या मुलींविषयी. माझ्या वर्गातल्या तीन मुली आणि दोन मुले एकाच कंपनीत एकाच दिवशी मुलाखतीला गेली होती. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण ते कोणाचेही असू शकले असते. मुलांना विचारले गेले की मोटर चालू होताना झटका घेते तर आधी काय तपासाल. मुलींना विचारले गेले की लग्न ठरले आहे का, सासर नागपुरातच असेल का, घरचे दुसऱ्या पाळीला सोडतील का. त्या तिघींपैकी एक मुलगी मोटरचा सुरुवातीचा झटका कमी करणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी नकाशा न बघता करायची. कुठले टोक कुठे जाते हे तिला बोटांनी पाठ होते. तिला नोकरी मिळाली, पण पॅकिंगमध्ये, तीही ठेकेदारामार्फत. मेंटेनन्समध्ये का घेत नाही असे तिने विचारल्यावर ‘‘शिडीवर चढावे लागते’’ असे उत्तर मिळाले. संस्थेत दोन वर्षे ती शिडीवरच चढत होती. चार महिन्यांनी तिने काम सोडले आणि त्या कंपनीच्या नोंदीत ‘मुलगी टिकली नाही’ असा आणखी एक पुरावा जमा झाला.

दुसरी एक मुलगी टिकली, कारण तिच्या घरी तिच्या पगाराशिवाय भागत नव्हते. तिच्या विभागातल्या बायकांचे स्वच्छतागृह मालाच्या गोदामापलीकडे होते आणि त्याची किल्ली सुपरवायझरच्या खिशात असे. किल्ली मागायची, कशाला हवी ते सर्वांसमोर समजायचे, मग पाच मिनिटे चालत जायचे. त्या विभागातल्या बायका सकाळपासून पाणीच पीत नसत. मे महिन्यात, नागपुरात! हा खर्चाचा प्रश्न नव्हता, किल्ली खिळ्याला टांगायला पैसे लागत नाहीत.

खर्चाचा प्रश्न जिथे खरोखर आहे, तिथेही हिशेब नीट मांडला जात नाही. २०१७ साली प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली तेव्हा ‘आता मुली घेणे परवडणार नाही’ असे मी अनेकांकडून ऐकले. पण आपले बहुसंख्य कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत येतात. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक स्त्रीला त्या रजेतली रोख रक्कम विमा महामंडळ देते, मालक देत नाही. मालक वेतनाच्या ३.२५ टक्के वर्गणी भरतो आणि ती वर्गणी पुरुष कामगारासाठीही तेवढीच असते. म्हणजे ज्या खर्चाच्या भीतीने आपण वीजतंत्री मुलीला फाटकावरून परत पाठवता, तो खर्च बहुतेक वेळा आपल्या वहीत पडतच नाही. सहा महिने बदली माणूस शोधण्याची अडचण राहते हे मला मान्य आहे, विशेषतः पंधरा-वीस कामगारांच्या युनिटमध्ये ती मोठी असते. मात्र त्याच युनिटमध्ये मुलगा गावाकडे धान कापायला जातो म्हणून महिना-महिना येत नाही, तेव्हा ‘मुले टिकत नाहीत’ असे वाक्य तयार होत नाही.

पाळणाघराचेही तसेच. जुन्या कारखाना अधिनियमाप्रमाणे ३० हून अधिक स्त्री कामगार असतील तर पाळणाघर सक्तीचे होते. या तरतुदीचा परिणाम काय होणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. एकतिसावी बाई घेतली की खोली बांधावी लागते, तेव्हा एकतिसावी बाई घ्यायचीच नाही, किंवा ठेकेदाराच्या नावावर घ्यायची. २०१७ च्या दुरुस्तीने ही गणती बदलली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवे आणि ते कर्मचारी पुरुष आहेत की स्त्रिया, हे त्यात पाहिले जात नाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत अनेक आस्थापनांनी मिळून एक सामाईक पाळणाघर चालवण्याचीही सोय आहे. बुटीबोरीसारख्या वसाहतीत, जिथे शेजारी-शेजारी इतकी युनिट्स आहेत, तिथे याहून सोपी व्यवस्था कोणती? आपल्या संघटना रस्ता, पाणी, वीजदर यांसाठी एकत्र येतात आणि निवेदने देतात, हे मी वर्तमानपत्रात नेहमी वाचते. पाळणाघरासाठी दिलेले निवेदन माझ्या वाचनात अजून आलेले नाही.

आता रात्रपाळी. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेनुसार स्त्रीची संमती घेऊन आणि सुरक्षिततेच्या अटी पाळून तिला सायंकाळी ७ नंतरही कामावर ठेवता येते. कायद्याने घातलेली जुनी अडचण दूर झाली, याचे मी स्वागत करते. मात्र संमती या एका गोष्टीवर माझी नजर राहणार आहे. दुसरी पाळी रात्री ११ ला सुटते. कंपनीची बस मुख्य रस्त्याने येते आणि वर्धा रोडवर किंवा सीताबर्डीला सोडते. पारडी, कळमना किंवा इंदोऱ्याच्या मुलीला तिथून पुढे घरापर्यंत पोहोचायचे असते. अशा बसच्या भरवशावर घेतलेली सही ही संमती नसते आणि त्यापायी आलेला नकार हा ‘घरचे सोडत नाहीत’ या सदरात टाकण्यासारखाही नसतो. मेट्रोचा दुसरा टप्पा बुटीबोरी, हिंगणा आणि कन्हानकडे जाणार आहे, त्याने बराच फरक पडेल. तोवर बस दारापर्यंत नेणे आपल्या हातात आहे. मिहानमधल्या संगणक कंपन्या रात्री कॅबने मुलींना घरी सोडतात, सोबत रक्षक देतात. मशीनवर काम करणारीचा जीव त्यांच्याहून स्वस्त आहे, असे आपण म्हणणार नाही, अशी माझी खात्री आहे.

घरच्यांचा दोष नाहीच, असे मात्र मी म्हणणार नाही. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळवापर सर्वेक्षणात घरातले बिनपगारी काम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्याला दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुष ८८ मिनिटे देतात, असे आढळले. सकाळी ७ च्या पाळीला येणारी आपली कामगार पहाटे ४ ला उठून चार डबे भरून आलेली असते. तो प्रश्न आपण सोडवावा, अशी माझी अपेक्षा नाही. पण अचानक दुसरी पाळी लावणे, ओव्हरटाइमचे दुपारी ४ वाजता सांगणे, पालकसभेसाठी तासाभराची सूट नाकारणे या गोष्टी त्या २८९ मिनिटांवर येऊन आदळतात. पाळ्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी लावले तर खर्च शून्य येतो.

तक्रार निवारणाविषयी फार लिहीत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, हे आपणांस ठाऊक आहे. त्या समितीतल्या सदस्यांची नावे ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या बायकांना माहीत आहेत का, एवढे एकदा त्यांनाच विचारून पाहावे.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. शिकाऊ उमेदवारांच्या मुलाखतीत लग्नाचा प्रश्न बंद करावा आणि मुलामुलींना तांत्रिक प्रश्न तेच विचारावेत. वीजतंत्री आणि जोडारी (फिटर) मुलींना त्यांच्या व्यवसायातच, म्हणजे मेंटेनन्समध्ये आणि मशीनवर घ्यावे, पॅकिंगमध्ये नव्हे. प्रत्येक औद्योगिक वसाहतीत निदान एक सामाईक पाळणाघर संघटनेने चालवावे. आणि प्रत्येक संघटनेने आपल्या सभासद कारखान्यांत किती स्त्रिया आहेत, त्यांतल्या किती कायम, किती ठेक्यावर आणि किती सुपरवायझर पदावर, याची वर्षातून एकदा यादी जाहीर करावी. या यादीला कोणाची परवानगी लागत नाही आणि ती तयार करायला एक दुपार पुरते.

येत्या शिकाऊ उमेदवार भरतीच्या आधी आपल्या संघटनांपैकी कोणी यावर चर्चा ठेवणार असेल, तर मी येईन. माझ्या काही जुन्या विद्यार्थिनीही येतील. त्यांतली एक सध्या वाडीला स्वतःचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान चालवते आणि आपल्यापैकी काहींच्या जळालेल्या मोटरी तिच्याकडेच येतात. दुकानाच्या सुट्टीमुळे तिला सोमवार सोयीचा पडतो, तेव्हा शक्यतो सोमवार ठेवावा.

आपली,
एक सेवानिवृत्त शिल्पनिदेशिका
नागपूर